नागपूरहून ग्रीन हेवनच्या तुरुंगापर्यंत

अहिंसेवर बोलायचं म्हटलं की ग्रामसंघाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "म्हणजे काय ताई, मार खायचा आणि गप्प बसायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. बाईला 'सहन कर, घर सांभाळ' असं सांगणाऱ्यांनी अहिंसेचं नाव इतकं वापरलंय की तो शब्द ऐकला तरी आपण सावध होतो. म्हणून आज आम्ही उपदेश करत नाही, एक इतिहास सांगतो. तो अमेरिकेतला आहे, आणि बराचसा तुरुंगातला आहे. पण त्याची एक गाठ आपल्या नागपूरला मारलेली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

सुरुवात होते एका स्वयंपाकघरात. अमेरिकेत ओहायो नावाचं राज्य आहे, त्यात मॅसिलन हे गाव. तिथे 1930 च्या दशकात जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा वाढत होता. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई जमैका बेटावरची. एकदा आईने त्याला कामाला पाठवलं. वाटेत मोटारीत बसलेल्या एका गोऱ्या पोराने त्याला रंगावरून घाण शिवी दिली. जेम्स सरळ गेला आणि त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. घरी येऊन त्याने मोठ्या फुशारकीने आईला सांगितलं. आई स्वयंपाकात होती. तिने मागे वळूनही न पाहता विचारलं की त्याने काय साधलं? आणि याहून काहीतरी चांगला मार्ग असलाच पाहिजे, असं ती त्याला समजावत राहिली. लॉसन पुढे म्हातारपणापर्यंत हा प्रसंग सांगत. 2024 मध्ये, 95 वर्षांचे होऊन ते वारले.

आईने त्याला 'शिवी गिळ' असं सांगितलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. तिने चांगला मार्ग शोधायला सांगितलं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पुढचा सगळा इतिहास त्या फरकाचाच आहे.

मुलगा मोठा झाला, कॉलेजात गेला. तेव्हा कोरियाचं युद्ध चालू होतं. सरकारने तरुणांना सैन्यात बोलावलं. लॉसनने 'मी माणसं मारणार नाही' म्हणून नकार दिला. 1951 मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. वर्षभराहून थोडं जास्त तो तुरुंगात होता. सुटल्यावर त्याने शिक्षण पुरं केलं आणि 1953 मध्ये चर्चच्या कामासाठी तो भारतात आला, नागपूरला. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज आपल्यातल्या किती जणींच्या पोरांनी पाहिलंय. तिथेच तो शिकवत होता, पोरांना खेळ शिकवत होता. गांधीजी जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं हयात होती, भेटत होती, बोलत होती. सेवाग्राम नागपूरहून काही फार लांब नाही. लॉसनने सत्याग्रहाचा अभ्यास पुस्तकातून केला आणि माणसांकडूनही केला. आपल्या इकडे आपण सेवाग्रामला शाळेची सहल नेतो, पोरं झाडाखाली डबा खातात, आणि झालं. हा माणूस मात्र तिथलं काहीतरी गाठीला बांधून घेऊन गेला.

डिसेंबर 1955 मध्ये त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी बसमध्ये बसणं बंद केलं आहे. तिथे नियम असा की गोऱ्या माणसाला जागा हवी असली की काळ्या माणसाने उठायचं. 1 डिसेंबरला रोझा पार्क्स या बाई उठल्या नाहीत, म्हणून त्यांना अटक झाली. शाळेच्या पुस्तकात कधी ही गोष्ट येते ती अशी की एक थकलेली शिवणकाम करणारी बाई, पाय दुखत होते म्हणून उठली नाही. आम्हाला ही मांडणी पटत नाही. रोझाबाई बारा वर्षं संघटनेचं काम करत होत्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या लोकशाळेत दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. म्हणजे त्यांच्या 'नाही' मागे तयारी होती. आणि अटकेच्या रात्रीच जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या शिक्षिकेने आणि तिच्या महिला मंडळाच्या बायांनी रातोरात हजारो पत्रकं छापून सकाळी घरोघर पोचवली. मोबाइल नव्हता, ग्रुपवर मेसेज टाकायची सोय नव्हती. त्यानंतर लोक 381 दिवस बसमध्ये चढले नाहीत. चालत कामाला गेले. धुणीभांडी करणाऱ्या बायाच त्यात जास्त होत्या.

लॉसन 1956 मध्ये परत गेला. 1957 च्या सुरुवातीला त्याची आणि मार्टिन ल्युथर किंग यांची भेट झाली. किंग त्याला म्हणाले, शिक्षण संपायची वाट बघू नको, आत्ताच दक्षिणेत ये, तुझ्यासारखा अनुभव असलेला माणूस आमच्याकडे नाही. मग 1958 मध्ये तो नॅशव्हिल शहरात राहायला गेला आणि तिथे एका चर्चच्या तळघरात त्याने वर्ग सुरू केला.

या तळघरात काय चालायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या मते या सगळ्या इतिहासातली महत्त्वाची जागा तीच आहे.

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय लोक सामान विकत घेऊ शकत. पण त्याच दुकानात खाण्याचा जो काउंटर असे, तिथे बसून कॉफी पिऊ शकत नसत. पैसे चालायचे, माणूस चालायचा नाही. आपल्याकडेही चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी ठेवायची रीत आपल्या आज्यांनी पाहिलेली आहे, तेव्हा हे काही फार समजावून सांगायला नको. लॉसनच्या वर्गातल्या पोरापोरींनी ठरवलं की आपण त्या काउंटरवर जाऊन बसायचं. बसलो की काय होणार? लोक शिव्या देणार, डोक्यावर काहीबाही ओतणार, सिगारेटचा धूर तोंडावर सोडणार, खुर्चीवरून ओढून पाडणार. मग त्यांनी तळघरात खुर्च्या मांडल्या आणि त्याची तालीम केली. अर्धे जण बसणारे, अर्धे जण मारणारे. आपल्याच मैत्रिणीला शिव्या द्यायच्या, केस ओढायचे. पडलो तर डोकं कसं झाकायचं, दुसऱ्याला मार बसत असेल तर मध्ये अंग कसं टाकायचं म्हणजे मार वाटला जाईल, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा लावून ठेवायचा, हे सगळं पुन्हा पुन्हा केलं. मग थांबून बोलायचं: तुझ्या पोटात काय झालं? हात का उचलला गेला? ज्याला हे झेपणार नाही त्याने काउंटरवर बसायचं नाही, दुसरं काम करायचं. त्यात कमीपणा मानायचा नाही.

नाटकाची तालीम असते तशी अहिंसेची तालीम. आपल्याला वाटतं, शांत राहणं हा स्वभाव असतो, काहींना देवाने दिलेला. तळघरातल्या पोरांना तसं वाटलं नाही. हिंसा जशी घरात बघून, गल्लीत बघून शिकली जाते, तशी अहिंसाही हातापायांना शिकवावी लागते.

13 फेब्रुवारी 1960 ला ती पोरं चांगले कपडे घालून, अभ्यासाची पुस्तकं घेऊन काउंटरवर जाऊन बसली. दोन आठवड्यांनी, 27 तारखेला, गुंडांनी त्यांना मारलं आणि पोलिसांनी अटक केली ती मारणाऱ्यांना नाही, मार खाणाऱ्यांना. सुमारे 80 जणांना. लॉसनला विद्यापीठाने काढून टाकलं. मग कृष्णवर्णीय घरांतल्या बायांनी ईस्टरच्या सणाची खरेदी त्या दुकानांतून बंद केली. ईस्टर म्हणजे त्यांच्याकडे पोरांना नवे कपडे घ्यायचे दिवस, आपल्या दिवाळीसारखेच. दुकानदारांचे गल्ले रिकामे राहू लागले. घरखर्चाचा पैसा कुठे जातो आणि कुठे थांबवता येतो हे बाईला माहीत असतं, ही ताकद बचत गटवाल्यांना वेगळी सांगायला नको.

19 एप्रिलला पोरांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी काही हजार लोक एक शब्द न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर महापौर उभे. समोर गेली डायेन नॅश, वय 21, तळघरातल्या वर्गातलीच. महापौर भाषण करू लागले तसं तिने त्यांना गाठून विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं हे चूक आहे असं तुम्हाला, एक माणूस म्हणून, वाटतं का? महापौरांना सगळ्यांसमोर हो म्हणावं लागलं. 10 मे रोजी नॅशव्हिलचे काउंटर सगळ्यांसाठी उघडू लागले. सांगा, ही पोरगी गप्प बसली होती का?

त्याच वर्गात बर्नार्ड लाफाएट नावाचा एक मुलगा होता. विशीतला, धर्मशिक्षण घेणारा. आता आपण त्याच्या मागे जाऊ.

1963 मध्ये तो अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावात लोकांच्या मतदार नोंदणीचं काम करत होता. 12 जूनच्या रात्री घराशी आला तर एक गाडी थांबलेली. त्यातला गोरा माणूस म्हणाला, गाडी बंद पडली, जरा ढकलून देता का? लाफाएट वाकला तसा त्याने बंदुकीच्या दस्त्याने डोक्यात घाव घातला. लाफाएट पडला. उठून उभा राहिला आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहिला. पुन्हा घाव, पुन्हा उठला. मग त्याने शेजाऱ्याला हाक मारली. शेजारी बंदूक घेऊन बाहेर आला आणि नेम धरला. तेव्हा हा रक्तबंबाळ माणूस त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि शेजाऱ्याला ओरडून म्हणाला, गोळी झाडू नकोस. मारणारा पळून गेला.

आम्ही हा प्रसंग प्रशिक्षणात सांगितला तेव्हा अर्ध्या बाया म्हणाल्या, हा माणूस वेडा होता. असेल. पण नीट बघा, त्याने मदतीसाठी हाक मारली होती. एकट्याने सहन करत तो पडून राहिला नाही. शेजाऱ्याची बंदूक बाहेर आली म्हणूनच गुंड पळाला की काय, असा वादही आमच्यात झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. आमच्या मते मिटायची गरजही नाही. लाफाएटला मात्र एक गोष्ट कळली होती: त्या क्षणी त्याच्या अंगाने जे केलं ते विचार करून केलेलं नव्हतं, तालमीतून आलेलं होतं.

4 एप्रिल 1968 ला किंग यांचा खून झाला. त्या दिवशी सकाळी लाफाएट त्यांना भेटला होता. तो सांगतो की किंग तेव्हा म्हणत होते, पुढचं काम म्हणजे अहिंसेचं शिक्षण कायमचं उभं करणं आणि देशोदेशी पोचवणं. काही तासांनी बातमी आली. त्यानंतर लाफाएटने आयुष्यभर तेच काम धरलं.

आता तुरुंगाकडे येऊ. न्यूयॉर्क राज्यात अॅटिका नावाचा मोठा तुरुंग आहे. 1971 च्या सप्टेंबरात तिथल्या जवळजवळ 1300 कैद्यांनी तुरुंग ताब्यात घेतला, पहारेकऱ्यांना ओलीस धरलं. मागण्या काय होत्या? आठवड्यात एकाहून जास्त वेळा अंघोळ, बरं जेवण, औषधपाणी, माणसासारखी वागणूक. चार दिवस बोलणी झाली, पाचव्या दिवशी सरकारने गोळ्या झाडत तुरुंग परत घेतला. सगळे मिळून 43 माणसं मेली, त्यात ओलीस धरलेलेही होते, आणि बहुतेक जण पोलिसांच्याच गोळ्यांनी मेले. अॅटिकातले कित्येक कैदी नंतर दुसऱ्या तुरुंगांत हलवले गेले.

तुरुंग ही शिकायची जागा होऊ शकते हे महाराष्ट्राला नवं नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पण ते राजबंदी होते. देशासाठी गेलेले, सुटल्यावर हारतुरे मिळणारे. ग्रीन हेवन तुरुंगातले कैदी दरोडा, खून, नशेचा धंदा अशा गुन्ह्यांत आलेले होते. त्यांची वाट बघत स्टेशनवर कुणी उभं राहणार नव्हतं.

ग्रीन हेवन हा न्यूयॉर्क राज्यातलाच, कडक बंदोबस्ताचा तुरुंग. तिथल्या काही कैद्यांनी आपसात एक गट केला होता. त्याला ते 'थिंक टँक' म्हणत, आपण विचारगट म्हणू. या गटातल्या कैद्यांनी पुढे एक हिशोब मांडला: राज्याच्या तुरुंगांत जेवढे कैदी आहेत त्यांतले तीन चतुर्थांश न्यूयॉर्क शहरातल्या फक्त सात वस्त्यांमधून आलेले आहेत. सरकारी साहेबांच्या आधी कैद्यांनी हे मोजलं. आपण गावाचा सामाजिक नकाशा काढतो ना, रांगोळीने, तसाच तो प्रकार.

त्या गटाला एक काळजी होती. कोवळी पोरं गुन्ह्यांत सापडत होती आणि तुरुंगाच्या वाटेला लागत होती. त्यांना धाक दाखवून उपयोग नाही, हे कैद्यांइतकं कुणाला कळणार? त्यांना मारामारीशिवाय भांडण सोडवायला शिकवावं असं त्यांच्या मनात होतं, पण कसं ते ठाऊक नव्हतं. तुरुंगात क्वेकर मंडळी भेटायला येत. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांचा एक छोटा पंथ, युद्धात भाग न घेणारा. त्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात मोर्चांमध्ये स्वयंसेवकांना गर्दी शांत ठेवायचं प्रशिक्षण दिलं होतं. लॉरेन्स अॅप्सी नावाचे वकील त्यांच्यात पुढे होते. कैद्यांनी त्यांना म्हटलं, ते आम्हाला शिकवा. 1975 मध्ये ग्रीन हेवनमध्ये पहिली कार्यशाळा झाली, आणि ती घ्यायला क्वेकरांनी ज्याला बोलावलं तो बर्नार्ड लाफाएट होता. नागपुरात शिकलेल्या माणसाचा विद्यार्थी.

या कामाला नाव पडलं 'अल्टर्नेटिव्हज टू व्हायोलन्स प्रोजेक्ट'. मराठीत 'हिंसेला पर्याय' म्हणता येईल. आज ते 50 हून जास्त देशांत चालतं. क्वेकरांनी सुरू केलं, पण त्यात कुणाचा धर्म शिकवत नाहीत.

कार्यशाळा तीन दिवसांची, साधारण वीस माणसांची. सगळे गोल बसतात. व्याख्यान नसतं. पहिल्यांदा प्रत्येकाने आपल्या नावाला, त्याच अक्षराने सुरू होणारा एक चांगला गुण जोडायचा. आपल्याकडे दिलदार द्वारका, समजूतदार सुनंदा म्हणता येईल तसं. तीन दिवस त्याच नावाने हाक मारायची. ऐकताना पोरखेळ वाटतो. पण ज्याला वर्षानुवर्षं नंबराने हाक मारली जाते त्याला कुणीतरी 'जिद्दी जॉन' म्हणालं की काय होत असेल? आणि आपल्यातल्या किती जणींना लग्नानंतर 'अमक्याची सून', 'तमक्याची आई' याशिवाय नाव उरतं?

मग जोड्या करतात. एकाने दोन मिनिटं स्वतःबद्दल चांगलं तेवढंच बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. नियम थोडे आहेत: कुणाला खाली पाडून बोलायचं नाही, स्वतःलाही नाही, फार लांबण लावायची नाही, दुसऱ्याचं नाव पुढे करायचं नाही, स्वतःचंच करायचं, बोलायचं नसेल तर 'पुढे चला' म्हणायचा हक्क आहे, आणि इथलं इथेच ठेवायचं. यातला 'पुढे चला' म्हणायचा हक्क आम्हाला फार आवडतो. गटात नवीन सून येते, सगळ्या तिला 'बोल गं, बोल गं' करतात आणि ती आणखीनच आक्रसते.

दुसऱ्या दिवशी नाटुकली बसवतात, खऱ्या भांडणांवरून घेतलेली, अगदी नॅशव्हिलच्या तळघरासारखी. भांडण मध्येच थांबवतात आणि विचारतात, या घडीला तुला काय वाटतंय, काय हवंय, आणखी काय करता आलं असतं? मुळाशी एक कल्पना असते, तिला ते पालट घडवणारी शक्ती म्हणतात. वाईट प्रसंगही वळवता येईल अशी एक फट कुठेतरी असते, ती शोधायची. त्यासाठी स्वतःचा मान राखायचा, दुसऱ्याची कदर करायची, समोरच्याकडून चांगल्याची अपेक्षा ठेवायची आणि प्रतिक्रिया देण्याआधी थांबायचं. 'स्वतःचा मान राखायचा' हे त्यात आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

शिकवणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत. कैद्यांनी आपल्या मर्जीने यायचं असतं. पहिली कार्यशाळा झाली की दुसरी, पुढची, आणि तिसरी शिकवणाऱ्यांची. म्हणजे आज शिकलेला कैदी उद्या शिकवणाऱ्यांच्या चमूत बसतो, बाहेरून आलेल्या शिक्षिकेच्या किंवा निवृत्त वकिलाच्या शेजारी, बरोबरीने. आम्हाला वाटतं हे काम इतकी वर्षं टिकलं ते यामुळे. आपल्याकडेही गावात जाऊन गट बांधणारी सखी दुसऱ्या गावची, पण आपल्यासारखीच गटातली बाई असते तेव्हा तिचं ऐकतात. साहेबांचं ऐकून घेतात, एवढंच.

याने फरक पडतो का? मेरीलँड राज्यातल्या एका तुरुंगात झालेला अभ्यास 2001 मध्ये छापून आला. तिथे कार्यशाळा कैदीच चालवत होते. भाग घेतलेल्यांचा राग आणि बाचाबाची काही महिन्यांनंतरही कमी राहिल्याचं त्यात दिसलं. पण मर्जीने येणारा माणूस आधीच थोडा बदलायला तयार झालेला असतो, ही शंका राहतेच. आणि तीन दिवसांच्या कार्यशाळेने तुरुंगातली गर्दी कमी होत नाही, त्या सात वस्त्यांतली गरिबीही नाही.

या कामाची सगळ्यात कठीण परीक्षा झाली ती आफ्रिकेत. रवांडा देशात 1994 मध्ये शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसं मारली गेली. मारणारे कोण? शेजारीच. हुतू शेजाऱ्यांनी तुत्सी शेजाऱ्यांना मारलं. नंतर तुरुंग भरून वाहू लागले, आणि कैदी सुटले ते त्याच गावात, त्याच गल्लीत परत आले. ज्या विहिरीवर विधवा पाणी भरायची, तिथेच तिच्या नवऱ्याला मारणारा. 2001 पासून रवांडात या कार्यशाळा सुरू झाल्या. लवकरच तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की नुसतं भांडण सोडवायला शिकवून भागत नाही, आधी दुःख बाहेर यायला हवं. म्हणून 2003 पासून रवांडा आणि शेजारच्या बुरुंडीतल्या माणसांनी स्वतःची वेगळी कार्यशाळा घडवली. तीन दिवस, वीस माणसं, दहा एका बाजूची आणि दहा दुसऱ्या. त्यात एक झाड काढतात, अविश्वासाचं. मुळाशी काय आहे ते लिहायचं, फळं कोणती लागली ते लिहायचं. मग दुसरं झाड, विश्वासाचं. मुळं कोणती हवीत यावर दोन्हीकडच्या बाया एकत्र बसून बोलतात. सगळ्या माफ करतात असं नाही, आणि माफ करा असं कुणी म्हणतही नाही.

आता घरातल्या मारहाणीचं. इथे आम्हाला स्पष्ट बोलायचंय. ज्या बाईला घरात मार बसतो, तिने अहिंसेचा वर्ग करून नवऱ्याला सुधारावं असं यात कुठेही नाही. जीव वाचवणं पहिलं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, 181 हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे, तातडीला 112 आहे. लाफाएटने शेजाऱ्याला हाक मारली होती ती आठवा. अशी हाक आली की गटातल्या बायांनी जायचं असतं, आणि गेल्यावर काय करायचं याची तालीम आधी झालेली हवी. दारू पिऊन आलेल्या माणसासमोर कुणी उभं राहायचं, पोरांना कुणी बाहेर काढायचं, फोन कुणी करायचा, कुणी नुसतं हात धरून बसायचं, हे त्या घडीला सुचत नाही.

आमच्या प्रभागात आम्ही समन्वयक महिन्यातून एका बैठकीत यातलं एकेक करून बघतो. जास्त काही नाही, वसुली आणि इतिवृत्त झाल्यावर अर्धा तास. दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐकायचं हे सगळ्यात अवघड जातं, आणि आमच्यात ते सर्वांत कमी जमतं ते समन्वयकांना.

बायांना आवडतो तो चौरसांचा खेळ. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे घ्या. सारख्या मापाचे पाच चौरस कापा आणि प्रत्येकाचे तीन-तीन तुकडे करा, पण असे की काही तुकडे दुसऱ्या चौरसातही बसतील. सगळे पंधरा तुकडे मिसळा आणि पाच जणींना तीन-तीन वाटा. शेवटी प्रत्येकीपुढे सारखा एक चौरस झाला पाहिजे. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, दुसरीचा तुकडा मागायचा किंवा उचलायचा नाही. फक्त आपला द्यायचा. होतं असं की एखादीचा चौरस झटक्यात पुरा होतो आणि ती हाताची घडी घालून बसते. बाकीच्या चौघी अडतात, कारण त्यांना लागणारा तुकडा तिच्या चौरसात गेलेला असतो. आपला चौरस बरोबरच आहे, मग मोडायचा कशाला, हे तिच्या तोंडावर दिसतं. गेल्या वेळी एका गटात हे वीस मिनिटं चाललं. मग तिने एक तुकडा काढून शेजारणीपुढे सरकवला.